मासूमेला लिहिलेलं उत्तर

मंगळवार, १४ मार्च १९७२. दुपारी साडेतीनला वेल्ह्याच्या पोस्टमननं ग्रामसेविका अंजनाबाईंच्या हातात एक परदेशी पाकीट ठेवलं. उंबऱ्यावर सगुणाबाई बसली होती. मुंबईच्या लेकाचं पत्र वाचून घ्यायला ती महिन्यातून एकदा यायची.

"ह्ये काय वं बाई? मुंग्यांची रांगच."

"इराणचं आहे, मावशी. मासूमेचं."

"मंग वाचा की."

"मला नाही वाचता येत."

सगुणाबाई पोट धरून हसली. "आता कसं! बसा आमच्या पंगतीला."

मागच्या ऑक्टोबरात प्रौढ साक्षरतेचं काम बघायला राज्यातून सहा जणींना इराणला पाठवलं होतं. इस्फहानजवळच्या एका खेड्यात अंजना चार दिवस मासूमेच्या घरी राहिली. मासूमे दिवसा गालिचे विणायची, संध्याकाळी वर्गात अक्षरं गिरवायची.

परत आल्यावर वेल्ह्यात बायकांची सभा भरली. "तकडं बायकांचं लई हाल आसतील, न्हाई?" पहिला प्रश्न हाच. अंजनानं पाहिलं तेवढंच सांगितलं. बायका एका मागावर खांद्याला खांदा लावून बसतात. एक जण नक्षी गाऊन सांगते, बाकीच्या गाठी मारतात. परका पुरुष दारी आला की डोक्यावरून चादर ओढून घेतात. मासूमेच्या घरात सवत आहे.

"त्यात काय? आमच्या आळीत तीन घरी हाय," सगुणाबाई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. अंजनाच्या नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हाच ती भोंगवलीचं घर सोडून निघाली होती. त्याला नऊ वर्षं झाली.

ही हकिगत तिनं दुभाषी बाईकडून मासूमेलाही ऐकवली होती. ताठ मानेनं. माझी नोकरी, माझी खोली, माझं कुलूप. मासूमेनं विचारलं होतं, "जेवतेस कुणाबरोबर?" अंजनानं विषय बदलला होता.

रविवारी ती एसटीनं भोरला आनंदराव मास्तरांकडे गेली. मास्तरांनी मॅट्रिकला फारसी घेतली होती. भिंग धरून ते अर्धा तास पत्रावर वाकले.

"अक्षर नवशिक्याचं, पण स्वच्छ. सहीसुद्धा केलीय. लिहिते, घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून मोकळेपणानं विचारते. तुझ्यासारखी मीही निघू का? तू सांगशील तसं करीन."

मास्तरांनी कोरा कागद पुढं ओढला.

"काय लिहू, बाई?"

"लिहा, नीघ."

मास्तरांनी शब्दकोश उघडला. टाक कागदाला लागला.

"थांबा, मास्तर. पुढं लिहा. दोघांच्या अंदाजानं भात टाकायची सवय मोडायला मला चार वर्षं लागली. तापात पाणीसुद्धा आपलं आपण उठून घ्यावं लागतं. सण आला की मी मुद्दाम दौऱ्यावर जाते."

मास्तरांनी चष्मा काढला. "मग वरचं 'नीघ' खोडू?"

"नको. दोन्ही राहू द्या."

पत्र सोमवारी, २० मार्चला भोरहून रजिस्टरनं गेलं. पोचपावती २ मे रोजी वेल्ह्यात परत आली. सगुणाबाई उंबऱ्यावरच होती.

"पोचलं न्हवं?"

"पोचलं. पण सहीच्या जागी अंगठा आहे. मासूमे तर सही करते."

"कुणाचा वं?"

"ते नाही लिहिलेलं."

जूनअखेरपर्यंत इराणहून दुसरं पत्र आलेलं नाही.