खलनायकाचं कोरं वाचन

मागच्या सिनेमातल्या खलनायकाला आठ हात होते आणि प्रेक्षक त्या आठही हातांना पोट धरधरून हसले होते. म्हणून उडणाऱ्या नायकाची गोष्ट नव्यानं करायची ठरली, तेव्हा दिग्दर्शकानं टेबलावर मूठ आपटली. "नायक कसाही चालेल. खलनायक असा हवा, की बघणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे!"

लेखिकेनं सूर्य विझवणारा शास्त्रज्ञ आणला, समुद्रातून येणारा राक्षस आणला. दोघेही नापास. शेवटी वैतागून तिनं एक साधा माणूस लिहिला. इस्त्रीचे कपडे घालणारा, आवाज कधीही न चढवणारा. तो समोरच्याला खुर्चीवर बसवतो आणि म्हणतो, "मी रागावलेलो नाही. तूच सांग, तुला काय शिक्षा करू?"

दिग्दर्शक खूश झाला. हे वाक्य तिच्या डोक्यातलं नव्हतंच, हे त्याला कुठं ठाऊक? ते तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं होतं. चारचौघांत दादासारखा सज्जन शोधून सापडायचा नाही. पण घराचं दार लागलं, की तो वहिनीला खुर्चीवर बसवून हेच विचारायचा. वहिनीनं एकदाच, स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून, हे नणंदेच्या कानात सांगितलं होतं आणि वर शपथ घातली होती. लेखिकेनं माणसाचं वय बदललं, धंदा बदलला, राहायचा ग्रहसुद्धा बदलला. वाक्य मात्र शब्दन् शब्द तसंच ठेवलं, कारण ते बदललं की त्यातली भीतीच जायची. लेखकाची जात मेली अशीच, चांगलं वाक्य हाती लागलं की शपथ विसरते.

आता त्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी. तिथं नवा प्रसंग आधी नटाकडे जायचा नाही. नट काय, वाण्याची यादीही भीतिदायक वाचेल, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. म्हणून तो ड्रायव्हर, प्लंबर, जो हाताला लागेल त्याला कॅमेऱ्यासमोर बसवून कागद वाचायला लावायचा. साध्या माणसाच्या तोंडूनही अंगावर काटा आला, तर प्रसंग पास. याला तिथं 'कोरं वाचन' म्हणत.

लेखिका आदल्या दिवशी दादाच्या घरी चष्मा विसरली होती. त्या दुपारी तो द्यायला दादा स्वतः ऑफिसात आला आणि दिग्दर्शकानं त्याला दारातच पकडलं.

"तुम्हीच वाचा!"

"मला कुठं अभिनय येतो?" दादा हसला.

"तेच तर हवंय!"

लेखिका घाईनं मधे पडली. "त्याला उशीर होईल, जाऊ द्या."

"छे गं, बहिणीसाठी एवढंही नाही करायचं?" दादा बसला. समोर ऐकणारं कुणी हवं, म्हणून दुसऱ्या खुर्चीवर दिग्दर्शकानं तिलाच बसवलं.

पहिल्या दोन ओळी दादानं शाळकरी पोरासारख्या अडखळत वाचल्या. मग ती ओळ आली आणि तो थांबला. मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं शांतपणे टेबलावर ठेवलं. हे कागदावर नव्हतं. हे वहिनीनंही सांगितलं नव्हतं.

"मी रागावलेलो नाही," तिच्या डोळ्यांत बघत तो म्हणाला. "तूच सांग, तुला काय शिक्षा करू?"

खोलीत टाळ्या पडल्या.

"छान लिहितेस," दादा म्हणाला. "सुचतं कसं गं? की कुणी सांगतं?"

"सुचतं." ती पानं जुळवू लागली.

"असं होय." तो उठला. "निघतो. तुझी वहिनी घरीच असेल आता."

दादाचं घर गाडीनं वीस मिनिटांवर होतं. हात दाखवून अवलक्षण तिनं केलं होतं आणि भोगणार होती वहिनी. आतापर्यंत हे वाचन कधी एकदा संपतंय असं तिला झालं होतं. आता तिला कळलं, की हा माणूस इथं बसलाय तोवरच वहिनीच्या जिवाला धोका नाही.

"थांबा!" ती जवळजवळ किंचाळली. "उजेड बरोबर नव्हता. आणि हा चेहरा बघा तरी! याच्यापुढं नट कशाला हवा?"

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. "खरंच की! बसा हो, बसा." सगळे आर्जव करू लागले. चारचौघांत नाही म्हणणं दादाला कधी जमलंच नव्हतं. तो बसला.

दिवे हलवले जात असताना तिनं टेबलाखाली वहिनीला मेसेज केला : 'मला माफ कर. त्याला कळलंय. आत्ताच्या आत्ता घर सोड.'

दुसरं वाचन झालं. तिसरं झालं. फोन मुका. मग मांडीवर फोन थरथरला : 'बॅग भरतेय. अर्धा तास अडकवून ठेव.'

चौथ्या वेळी दादानं कागद बाजूला सारला. आवाज तसाच, मऊ.

"फोनवर कोण आहे? मी रागावलेलो नाही. खरं सांग."

"वा! मनाचं बोलतायत!" दिग्दर्शक हर्षानं कुजबुजला. "चालू ठेवा."

खोलीतल्या सगळ्यांना तो अभिनय वाटत होता. लेखिकेनं टेबलावरच्या त्याच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्या तासातली फक्त सहा मिनिटं झाली होती.

"पुन्हा," ती म्हणाली.