डोळे बांधून वाचणारी ललिता

हरसूलच्या बाजारात त्या दिवशी भाजीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळा बाजार मांडवात लोटला होता. मधोमध पाचवीतली ललिता बसलेली, डोळ्यांवर काळी पट्टी, मांडीवर पुस्तक. तिचं बोट ओळींवरून सरकत होतं आणि पोर नदीचा धडा घडाघडा वाचत होती.

“ब्रेन ओपन! तिसरा डोळा ओपन!” नेत्रानंद महाराज माइकवर गरजले. “शाळेत वर्षानुवर्षं घासून येत नाही, ते आश्रमात एका पावसाळ्यात! आणि पुस्तक कुणी उघडलं? मुलीच्या बापानं! कुठूनही उघडलंस ना, बारकूदादा?”

“हो महाराज!” बारकूनं हात जोडले.

शुभांगीबाई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांची सारी नोकरी इथल्या शाळेत गेली. आता राहायला नाशिकला, तरी बाजाराच्या दिवशी एसटीनं यायच्याच. या बारकूलाही त्यांनी मक्याचे दाणे मांडून अक्षरं शिकवली होती. दुसरीत आईबाप त्याला घेऊन द्राक्षबागांच्या कामाला गेले, आणि अक्षरं पुसून गेली.

“बाई, लेकीचं नाव काढतोय शाळंतून,” बारकू म्हणाला. “आश्रमातच ठेवतो. शाळंत हाय काय? गुरुजी एक, वर्ग पाच. त्यातबी गुरुजी कधी सर्व्हेला, कधी मीटिंगला.”

बाईंना ठाऊक होतं, तो खोटं बोलत नव्हता.

पण त्यांची नजर ललिताच्या बोटावर होती. बोट ओळीच्या टोकाला पोचायचं, तरी तोंडात वाक्य अर्धंच.

“महाराज, मी उघडू पुस्तक?”

“उघडा की माताजी!”

पुस्तक आपोआप त्याच पानावर पडलं. रोज तिथंच दाबून दाबून त्याची शिवण मोडली होती. बाईंनी मुद्दाम पुढची चार पानं उलटली. ललिताचं बोट सरकू लागलं, आणि पुन्हा नदीच वाहू लागली.

“बारकू, चित्र कशाचं आहे रे?”

“बैलगाडीचं.”

“आणि ही काय वाचतेय?”

बारकू पुस्तकाकडे बघतच राहिला. “…नदीचं.”

“अविश्वासी माणसांमुळे कंपनं बिघडली!” महाराज ओरडले.

“आगं बाई, कंपनं बिघडून नदी बैलगाडीत बसली व्हय!” भाजीवाली फुलाबाई म्हणाली, आणि मांडव हसला.

बाईंनी पट्टी सोडली. “आता उघड्या डोळ्यांनी वाच, बाळ.”

बोट हललं. आवाज फुटेना.

“हे पाठ नाय करून घेतलं माझ्याकडनं,” ललिता पुटपुटली.

“मग शाळेत कशी वाचतेस?”

“तसंच. सगळी पोरं संगट म्हणतात, मीबी म्हणते.”

हसू थांबलं. महाराजांनी तेवढ्यात जीप गाठली. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

“ह्यानं फशिवलं,” बारकू हळूच म्हणाला. “पण शाळंनंबी तेच केलं की. आता लेकीला धाडू कुठं?”

“शाळेतच. पण रोज घरी पुस्तक घे, तुझ्या मनानं पान उघड, चित्र बघ आणि तिला विचार. नुसत्या बोटाला भुलू नकोस. आज तपासलंस ना, वाचता येत नसताना? तसंच तपास. जमलं नाही तर गुरुजींना विचार, आणि दुसरे गुरुजी मागायला सगळे मिळून जा. देवाधर्माचं असो की सरकारचं, विचारल्याशिवाय खरं मानायचं नाही.”

बाईंनी ती काळी पट्टी जमिनीवर पसरली. फुलाबाईकडून मूठभर मक्याचे दाणे घेतले आणि पट्टीवर ‘ल’ मांडला.

ललिता वाकून बघू लागली. शेजारी तिचा बापही बसला.