व्हेरोनाचा नाईट हॉल्ट

आमच्या ह्यांनी, म्हणजे एकनाथरावांनी, एकतीस वर्षं गौलीगुड्याच्या बस स्टँडवर कंट्रोलरची नोकरी केली. बस किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, मधे ड्रायव्हरनं चहाला किती मिनिटं घेतली, हे वहीत लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण वही काही सुटली नाही. आता त्या वहीत मी असते.

मे महिन्यात आम्ही आमच्या मुलाकडे, अनिकेतकडे, म्युनिकला जाणार होतो. तिथून एका शनिवार-रविवारी इटलीतल्या व्हेरोनाला जाऊन यायचं होतं. थेट गाडी आहे, रोमन लोकांच्या काळातलं शहर आहे, बाबांना आवडेल, असं अनिकेतनं फोनवर सांगितलं आणि हे लगेच टाइमटेबल आखायला बसले. शनिवारी एक वाजता स्टेशन. दोन ते तीन-दहा रोमन नाट्यगृह. तीन-पंचवीसला नदीवरचा पूल. साडेआठला हॉटेल, आणि त्याच्यापुढे लाल पेनानं ‘नाईट हॉल्ट’. बाहेरगावी मुक्कामाला थांबणाऱ्या बसला त्यांच्या खात्यात हाच शब्द होता.

खरं कारण फक्त मला आणि अनिकेतला ठाऊक होतं. व्हेरोनात आमची केतकी राहते. पाच वर्षांपूर्वी, पत्रिका वाटून झाल्यावर, तिनं ठरलेलं लग्न मोडलं आणि शिकायला म्हणून इटलीला निघून गेली. पुढे तिथल्याच मार्कोशी लग्न केलं. वाटलेल्या पत्रिका जगात कुणी परत मागत नाही, पण आमचे हे घरोघर जाऊन त्या परत मागत फिरले, आणि मिळेल त्या नावापुढे वहीत खूण करत गेले. पार कोठी भागापर्यंतची सगळी मराठी घरं त्यांनी पालथी घातली. त्यानंतर केतकीचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. मीही रागानं घेतलं नाही, पण तो राग तिच्यावरचा नव्हता, ह्यांच्यावरचा होता.

आता तिला सातवा लागणार होता. मला तिची ओटी भरायची होती. बाकी काही नको होतं. पण केतकी बापाचीच मुलगी. फोनवर म्हणाली, “आई, बाबांपासून लपवून येणार असशील तर येऊ नकोस. मी दार उघडणार नाही.” मी म्हटलं, बाबांना सगळं माहीत आहे. एवढं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

बोलून तर बसले, पण सांगायचं कधी? रोज सकाळी ठरवायची आणि रोज चहा झाला की जीभ उचलायची नाही. सांगितलं आणि ह्यांनी व्हेरोनाच रद्द केलं तर? शनिवारची दुपार मोकळी ठेवा, माझे गुडघे दुखतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘गुडघे – २० मिनिटं’.

शेवटी घात केला तो वजनकाट्यानं. बॅग तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून ह्यांनी हुकाचा काटा आणला होता. रोज संध्याकाळी पाच वाजता बॅग त्याला लटकवायची आणि आकडा लिहायचा. आणि मी तर सुलतान बाजारातून एकेक वस्तू आणून साड्यांच्या खाली सरकवत होते. हिरवी साडी, खणाचा तुकडा, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, बदाम. निघायला चार दिवस राहिले होते तेव्हा मी हिरव्या बांगड्यांचा डबा ठेवला, आणि त्याच संध्याकाळी काट्याकडे बघत हे म्हणाले, “रोज वजन वाढायलंय. काय भरायलीस ह्यात?”

मी म्हटलं, चिवडा. त्यांनी बॅग आडवी करून चेन उघडली. आधी बांगड्यांचाच डबा त्यांच्या हाताला लागला.

“ह्या कुणाला?”

“मलाच.”

त्यांनी एक बांगडी बोटांत धरून फिरवली. “तुझा हात दोन-आठचा. ह्या दोन-चारच्या हायत.”

हे मी विसरले होते. दर संक्रांतीला केतकीला सुलतान बाजारात बांगड्या भरायला हेच घेऊन जायचे. लहानपणी ती ह्यांच्याच मांडीवर बसून हात पुढे करायची. मी काही बोलायच्या आत त्यांनी साडी उचलली आणि खालची पुडी दिसली. हळकुंडं, सुपाऱ्या, खारका. ओटीचं सामान ओळखायला कंट्रोलर असावं लागत नाही.

त्यांनी साडी परत पुडीवर ठेवली. मग खाली बघतच विचारलं, “कितवा?”

“सातवा लागेल.”

ते उठले. बांगड्यांचा डबा पिशवीत टाकला, वही काखेत मारली आणि चपला घातल्या. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, “पत्रिका गोळा केल्यात, आता बांगड्याही परत करा. जिना उतरायला किती मिनिटं लागली तेवढं लिहा.”

ते जिना उतरून गेले.

मी अनिकेतला फोन लावला. तो म्हणाला, आई, बाबा नाही म्हणाले तर ताईला आधीच सांगितलेलं बरं, ती दिवस मोजत बसली आहे. मी केतकीचा नंबर काढला आणि फोन हातात धरून बसले. काय सांगणार होते? बाबांना माहीत नव्हतं, आता झालं आहे, आणि आता मीही येत नाही? एक तास गेला. दुसरा जात आला. मला त्यांचा इतका राग आला होता की रडूही येईना, आणि जरा वेळानं भीती वाटू लागली की माणूस कुठे रस्त्यात बसला तर नसेल.

सव्वासातला ते आले. पिशवी टेबलावर ठेवून मोरीत पाय धुवायला गेले. मी डबा उघडला. बांगड्या हिरव्याच होत्या, पण मोठ्या, दोन-सहाच्या.

“सातव्यात हात सुजतात,” टॉवेलला तोंड पुसत ते म्हणाले. “केतकीच्या वेळी तू साबण लावून बांगड्या काढल्या होत्यास. विसरलीस काय?”

पाच वर्षांनी नाव घेतलं आणि तेही बांगड्यांच्या मापासाठी.

वहीही पिशवीत होती. मी उघडली. शनिवारच्या पानावर नाट्यगृहावर काट, पुलावर काट, हॉटेलवर काट. लाल पेनानं एकच ओळ लिहिली होती, ‘नाईट हॉल्ट – केतकी’.

“त्या पोरासंगं मी काय बोलणार, मला माहीत नाही,” ते म्हणाले. “बोलेनच असं धरून चालू नको.”

मी म्हटलं, नका बोलू.

त्यांनी बॅग पुन्हा काट्याला लटकवली. तेवीस किलो, चारशे ग्रॅम. वहीत आकडा न लिहिताच त्यांनी बॅग खाली ठेवली आणि तिच्यातला स्वतःचा स्वेटर काढून बाजूला टाकला. तिकडे गारठा असेल, असं मी म्हटलं.

“असू दे,” ते म्हणाले, आणि बांगड्यांचा डबा साडीच्या मधोमध नीट बसवला.