एकेकोच्या गळ्यातली एकचाकी

प्रिमितिवाबाईंनी विमान घेतलं तेव्हा बाराला थोडाच अवकाश होता. विमान पत्र्याचं, तळहाताएवढं, लाल शेपटीचं. अलासितासच्या जत्रेत वर्षभराची इच्छा अशी चिमुकली विकत घ्यायची, बाराच्या घंटेला तिच्यावर आशीर्वाद घ्यायचा, आणि घरच्या एकेकोच्या अंगावर टांगायची. हा एकेको म्हणजे मिशाळ, हसरा, हात पसरलेला देव. जे टांगाल ते तो खरं करतो.

प्रिमितिवाबाईंना हवी होती नात. लेक निएवेस सीमेपलीकडे लिमाला दिलेली. तिची पोरगी माइते दोन वर्षांची झाली, पण आजीनं अजून तिला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. जावळ इथं एल आल्तोला आजीच्या अंगणात काढायचं ठरलेलं, आणि दोनदा बेत फिसकटलेला. आता लिमाची विहीण म्हणाली होती, या रविवारी नाही जमलं तर कात्री मीच धरीन.

"विमान घेतलंस खरं," बरोबर आलेली, बाजारात बटाटे विकणारी शेजारीण सातुर्निना म्हणाली, "पण विमानतळावर ढग बसले तर?"

प्रिमितिवाबाईंनी एक बस घेतली.

"आणि बसला तळं आडवं आलं तर?"

त्यांनी होडी उचलली.

"अगं प्रिमी, देशाला समुद्राचा थेंब नाही, आणि तुझा देव आता नावाडी."

"तळ्यात पाणीच असतं ना, का तुझ्या बटाट्यांचं सार?"

खेळणीवालीनं खुशीनं सौद्यावर आणखी एक वस्तू फुकट दिली: एकचाकी ढकलगाडी, विटा वाहायची असते तशी. सौद्यावरचं दिलेलं नाकारलं तर बरकत जाते, म्हणून ती पदरात घ्यावी लागली. बारा वाजले. भगतानं धूप फिरवला, दारू शिंपडली. मग दोघी देवळाकडे धावल्या आणि पाद्रीबाबांचं तीर्थही अंगावर घेतलं. देव दोन्ही दारांनी येतो, एक दार लावून कशाला ठेवा?

घरी विमान एकेकोच्या उजव्या हाताला, बस डाव्या, होडी कमरेला. ढकलगाडीला जागा उरली नाही, ती गळ्यात.

"एक मागायचं असतं गं," सातुर्निना म्हणाली. "चार मागितलीस तर हा भोळा चारही देईल."

रविवारी अंगण भरलं. ताटात फीत बांधलेली कात्री ठेवली, बशीत पाकळ्या. सकाळी विमानाची घरघर ऐकू आली, अगदी डोक्यावर. सगळे वर बघू लागले. वर नुसता कापूस. घरघर फिरली, फिरली, आणि लांब गेली.

थोड्या वेळानं फोन आला. "आई, तिथं उतरवलंच नाही गं. पार सीमेपलीकडे, तळ्याजवळच्या गावी नेऊन उतरवलं. आता बसनं निघतोय."

"झालं एक," सातुर्निना म्हणाली.

प्रिमितिवाबाईंनी एकेकोच्या तोंडात सिगारेट पेटवून दिली. ती भराभर जळली. देव खूश होता, नको तितका.

दुपार कलता कलता पुन्हा फोन. "आई, तळ्यापाशी आहोत. बस तराफ्यावर चढवलीय, आम्ही होडीत. माइते पाण्यात हात घालतेय."

"झाली तीन."

आता मात्र बाई उठल्या आणि एकेकोच्या गळ्याकडे हात नेला. सातुर्निनानं मनगट धरलं.

"काढू नकोस."

"अगं, ढकलगाडीतून कोणाची लेक माहेरी येते?"

"गावाच्या वेशीवर लोकांनी नळाच्या पाण्यासाठी रस्ता अडवलाय, टायर जाळलेत. आत्ताच तुझा दीर सांगत आला. बस आत येणार नाही. काढ आता, आणि मग पोरगी वेशीवरच ठेव."

बाईंनी हात मागे घेतला. गळ्यातली दोरी उलट नीट सरळ केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाल्या, "बाबा, तू म्हणशील ते वाहन."

फोन लागेना. पाहुणे टोप्या शोधू लागले. ऊन भिंतीच्या टोकाला पोचलं.

आणि गल्लीत चाकाची करकर आली. एक घामेजलेला गडी ढकलगाडी रेटत होता. गाडीत दोन बॅगा, बॅगांवर सुगरणीच्या घरट्यासारखे केस घेतलेली पोर, दोन्ही काठ धरून राजासारखी बसलेली. मागून धुळीनं माखलेली निएवेस.

"आई, हसू नकोस," ती म्हणाली. पण आई कुठली ऐकतेय? भिंतीला टेकून पोट धरून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

माइते गाडीतून उतरेना. उचललं की किंचाळायची. शेवटी जावळ गाडीतच निघालं. पहिली बट आजीनं कापली. मग एकेकजण गाडीभोवती फिरत बट कापू लागला, पोर खिदळत राहिली. गडी बिचारा दांडे धरून ताटकळत उभा.

"नाव काय तुझं, बाबा?"

"अनाक्लेतो, आजी. जरा गाडी मोकळी होईल का?"

"होईल. आधी कात्री धर."

"मी कोण?"

"आता तिचा धर्माचा मामा." ज्यानं बट कापली तो नात्यातला, तिथं दुसरा कायदा नाही.

अनाक्लेतोनं हात पँटला पुसले आणि एक बट कापली. बाईंनी ती आत नेली आणि एकेकोच्या गळ्यातल्या चिमुकल्या गाडीत ठेवली. देवाचा चेहरा होता तसाच हसरा.

"पुढच्या जत्रेला लिमात राहिलेल्या जावयाला आणायचंय ना," सातुर्निना दारातून म्हणाली. "मग काय काय घेणार?"

"नुसती ढकलगाडी," बाई म्हणाल्या. "बाकीचं त्याचं तो बघेल."