ह्यांनी बुचं धुतली

आमच्या ह्यांची एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गेली. त्या एकतीस वर्षांतून घरी काय आलं म्हणाल तर एक काचेचा पेला. पेल्यात पाणी घ्यायचं, मागे वर्तमानपत्र धरायचं आणि बारीक अक्षर वाचता आलं तर पाणी पास. निवृत्त झाल्यावर खात्याला दुसरा माणूस मिळाला, पण ह्यांना दुसरं पाणी मिळेना. मग घरातल्या माठापासून शेजाऱ्यांच्या फुलदाणीपर्यंत सगळ्यांची परीक्षा सुरू झाली.

नेमके त्याच वर्षी मी गच्चीवर मासे पाळायला घेतले.

हजार लिटरची जुनी टाकी, शेजारी दोन पिंपं आणि एक लहानसा पंप, एवढाच माझा कारखाना. टाकीतलं घाण पाणी पहिल्या पिंपात जातं, तिथे गाळ तळाशी बसतो. मग ते दुसऱ्या पिंपात जातं. तिथे बाटल्यांची बुचं भरलेली आहेत, अडीच हजार, सगळ्या गल्लीकडून मागून आणलेली. तिथून पंपाने परत टाकीत. तेच पाणी वर्षभर फिरतं. उडून गेलेलं बादलीभर रोज वरून घालायचं, बस. आमचा नळ दिवसाआड येतो, त्यात दुसरं काही जमण्यासारखं नव्हतंच.

ह्यांना ते पाणी बघवत नसे. "उष्टं पाणी परत परत पाजतेस त्यांना," म्हणायचे. पेल्यात घेऊन वर्तमानपत्र धरलं तर मथळासुद्धा दिसत नसे. मी शंभरदा सांगितलं, की बुचांवर जो बुळबुळीत तपकिरी थर चढतो ना, त्यात जंतू राहतात, मासे पाण्यात जे विष सोडतात ते हे जंतू खाऊन टाकतात, आणि तो थर धरायला मला दोन महिने लागलेत. जंतू हा शब्द कानावर पडला की ह्यांचं पुढचं ऐकणं बंद. एकतीस वर्षं ज्यांना मारायचा पगार घेतला, त्यांना बायकोने घरात आणून पोसावं हे त्यांना सहनच होत नव्हतं.

आता माझ्या मनातलं सांगते. ह्या वर्षी मत्स्य विभाग आमच्या भागात एक आदर्श युनिट निवडणार होता. ज्याचं युनिट निवडलं जाईल त्याच्याच गच्चीवर शिकणारे येणार आणि शिकवणार युनिटवालीच. मला शिकवायचं होतं. ह्या घरात येऊन चौतीस वर्षं मी ऐकते आहे. आधी सासऱ्यांचं ऐकलं, मग ह्यांचं, मग लेकाचं. एकदा तरी पंधरा-वीस माणसांनी गप्प बसून माझं ऐकावं, एवढी एकच हाव मला उरली होती.

तर झालं असं, की माझ्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि मी चार दिवस तिच्याकडे गेले. जाताना ह्यांना बजावलं, "सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी खाद्य. बाकी कशाला हात लावू नका." मी बसमध्ये बसले आणि इकडे विभागाचा फोन आला. चौथ्या दिवशी सकाळी तपासणी. मला कळवायचं सोडून ह्यांनी ठरवलं, की बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा.

तो त्यांनी दिला.

चौथ्या दिवशी हातातली पिशवी न ठेवताच मी गच्चीवर गेले. साहेब, त्यांचा कॅमेरावाला आणि इस्त्रीच्या शर्टातले हे, तिघे टाकीभोवती उभे होते. गच्ची धुतलेली. पिंपांना निळा रंग. कोपऱ्यातल्या माझ्या जुन्या टबावर, ज्यात मी आजारी मासे ठेवते, पाहुण्यांसाठी ठेवलेली चांगली चादर. आणि टाकीतलं पाणी! तळाचे स्क्रू मोजून घ्यावेत इतकं नितळ. ह्यांनी पेला उंच धरला होता आणि साहेब पलीकडून हवामानाची बातमी वाचत होते.

"अहो," मी म्हटलं, "काय केलंत?"

"तुरटी फिरवली. चार वेळा फडक्यातून गाळलं," हे म्हणाले. "आणि ती बुचं! अगं, काय किळस! ब्लीचिंग पावडरमध्ये रात्रभर भिजवली, दहा पाण्यांनी धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. नवीकोरी झाली बघ."

मी पिशवीसकट पिंपांकडे धावले. दुसऱ्या पिंपात डोकावले तर अडीच हजार बुचं लाल, हिरवी, पांढरी चकाकत होती. जिवंत म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

"आणि खाद्य?"

"तीन-तीन वाट्या. पाहुण्यांसमोर हडकुळे दिसायला नकोत."

मासे पाण्याच्या वर तोंडं काढून भराभरा आ वासत होते. एकशे साठच्या एकशे साठ.

"किती माणसाळलेत हो!" साहेब कौतुकाने म्हणाले. "स्वागतालाच आलेत जणू. घे रे फोटो."

ह्यांची छाती फुगली. साहेबांनी कागद काढला आणि गुण द्यायला सुरुवात केली. पाण्याची पारदर्शकता, दहापैकी दहा. परिसर स्वच्छता, दहापैकी दहा. माहितीफलक नव्हता, पण ह्यांनी घराच्या नावाची पाटी पुसून ठेवली होती, त्याचे सहा मिळाले. "मॅडम, तुमची निवड झाल्यातच जमा आहे," साहेब म्हणाले. "फक्त शेवटची सही राहिली."

खोटं कशाला बोलू, मी थांबले. सही व्हायला दोन मिनिटं लागली असती, आणि त्या दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढे ती पंधरा-वीस माणसं येऊन बसलीसुद्धा. तेवढ्यात टाकीच्या कडेला एक मासा आडवा झाला. वर्षभर माझ्या हातातून खाणारा, शेपटीला ठिपका असलेला.

मी पिशवी टाकली, पदर खोचला आणि टबावरची चादर ओढून काढली. टबातलं पाणी गढूळ, आणि त्यात माझे चार जुने स्पंज वर्षभराचा तोच जंतूंचा चिकटा धरून बसलेले. ह्यांना त्यांची लाज वाटली, म्हणून धुवायचं सोडून नुसते झाकले, तेवढे ते वाचले होते. मी बादलीने टाकीतलं नितळ पाणी उपसून कुंड्यांत ओतायला लागले.

"अगं, अगं, पास झालेलं पाणी ते!" हे ओरडले.

अर्धी टाकी उपसली. रोज वरून घालायला मी उन्हात मुरवत ठेवते ते सगळं पाणी त्यात ओतलं. मग दुसऱ्या पिंपावर ओणवी होऊन ते स्पंज त्या नव्याकोऱ्या बुचांवर पिळले. काळा रबरबाट साहेबांच्या बुटांपर्यंत उडाला. टाकी पाच मिनिटांत चहाच्या रंगाची झाली.

साहेबांनी दहाचा आकडा खोडला आणि तिथे शून्य लिहिलं. "मॅडम, हे काय केलंत? एवढं सुंदर पाणी होतं."

"मासे मरत होते त्यात," मी म्हटलं. "मासे जिवंत असण्याचे किती गुण आहेत?"

साहेबांनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. कॅमेरावाल्यानेही वाकून पाहिला.

"तो रकाना नाहीये," साहेब म्हणाले आणि बूट पुसत जिना उतरले.

त्या दिवसभरात अकरा मासे गेले. ठिपकेवालाही गेला. मी एक-एक काढून बाहेर ठेवत होते आणि हे शेजारी उभे होते. बादली मी दर वेळी जरा जोरातच आपटत होते.

"मी काय करू?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"स्पंज पिळा. कोपरापर्यंत हात घालून."

ते चेहरा आकाशाकडे करून पिळत राहिले. दोन आठवडे रोज, न सांगता.

पुढच्या महिन्यात निकालाचा कागद आला. आदर्श युनिट दुसऱ्याच कुणाचं तरी. आमच्यासाठी शेरा होता, "पाणी गढूळ. सुधारणेस वाव." मी कागद चुरगळणार, तेवढ्यात ह्यांनी तो हातातून घेतला. टेबलावर सपाट केला, पट्टी लावून तळाशी एक नवा रकाना आखला आणि खात्यातल्या त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, "मासे जिवंत : एकशे एकोणपन्नास." खाली तारखेसह सही केली.

मग पंपाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून टाकीजवळ स्टूल ओढून बसले. मांडीवर वही.

"आता सांग," म्हणाले. "तो थर कसा धरतो. पहिल्यापासून."

मी सांगायला लागले. दोन मिनिटं होतात न होतात तोच त्यांनी बोट वर करून तोंड उघडलं.

"प्रश्न शेवटी," मी म्हटलं.

आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते मिटलं.