रोज एक मिलिमीटर

घाई करणाऱ्याला लाथ मारून हाकलावं, असलं आमच्या प्रयोगशाळेचं काम. एका रंगाऱ्याच्या कातडीतून मूळपेशी केल्या, त्यांच्यापासून मज्जातंतू. ते दोन चिमुकल्या पट्ट्यांच्या मध्ये धरायचे आणि मोटर लावून पट्ट्या रोज एक मिलिमीटर लांब सरकवायच्या. ताणाबरोबर तंतू वाढतो. पुरेसा वाढला की डॉक्टर तो मेंदूतल्या जखमेवर पुलासारखा बसवणार होते.

रंगारी शिडीवरून पडला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. बायको शिलाईकाम करायची. रोज नवऱ्याच्या वॉर्डातून खाली येऊन आमच्या काचेतून बघायची आणि मला टोमणा मारायची, एवढ्या वेळात मी अख्ख्या शाळेचे गणवेश शिवले असते ताई, जरा हात चालवा की. मी हसायचे. वहिनी, हा रिळावरचा दोरा नाही, म्हणायचे.

आणि बुधवारी मीच मोटरचा वेग तिप्पट केला. शुक्रवारी सकाळी बघते तर सगळे तंतू तुटलेले. पुन्हा वाढवायचे तर चार महिने, आणि तोवर जखम अशी घट्ट होणार की डॉक्टर तिला हात लावणार नाहीत. साहेब म्हणाले, जंतुसंसर्ग झाला असं लिही आणि मोकळी हो. तेवढं मी केलं नाही. जाऊन वहिनीला सांगितलं, वेग मी वाढवला.

ती बाकावर बसली. मग म्हणाली, "मीच हात धुऊन मागे लागले होते. तुम्ही माझ्यासाठी केलंत."

तोंड उघडायची वेळ तीच होती. मी गप्प बसले. आयतं पांघरूण मिळालं, घेतलं ओढून. हरामखोरपणा आणखी वेगळा काय असतो?

ती उठून नवऱ्याच्या खाटेपाशी गेली. मी मागोमाग, शेपूट घालून. त्याचा निर्जीव हात मांडीवर घेऊन म्हणाली, माझं चुकलं हो, मला धीर धरवला नाही. त्याला काय कळलं, देव जाणे. डाव्या हातानं तो तिचे डोळे पुसायला गेला, नेम चुकला, आणि तिचा कानच पुसत राहिला.

"वहिनी, तुमच्यासाठी नाही केलं," मी म्हणाले. "मला भावाकडे जायचं होतं. काम उरकून सुट्टी घ्यायची होती. तिकीट काढलं होतं."

"कधीचं?"

"आजचं. संध्याकाळचं."

तिनं नवऱ्याची चादर नीट केली.

"मग निघा की," ती म्हणाली. "गाडी चुकेल."