माझ्या काठावरची भेग

मी एक जुने कांस्याचे नाणे आहे. निदान मी तरी तसे म्हणतो. मित्रांनो, माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. गोड बोलून गळा कापणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे मी स्वतः ताकही फुंकून पितो.

माझा जन्म रोमन साम्राज्याच्या अगदी टोकाला, एका लहान शहरात झाला. कारागिराने तापलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवली आणि वरून हातोडा मारला. एका बाजूला सम्राटाचे डोके उमटले, दुसऱ्या बाजूला तटबंदीच्या आकाराचा मुकुट घातलेली नगरदेवता. घाव जरा जोरात बसला आणि माझा काठ तडकला. ती भेग आजही आहे. बाजारात लोक मला दगडावर आपटून, दाताखाली धरून पारखत. एवढे सोसल्यावर कोणाचा स्वभाव संशयी होणार नाही? पुढे मी मातीत पडलो आणि कित्येक शतके निवांत झोपलो. तिथे मला कोणी खोटे म्हटले नाही.

हल्ली मी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे राहतो. त्यांची भाची त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मामांना राजधानीतल्या बड्या नाण्यांचे वेड नाही. माझ्यासारखी आडबाजूच्या शहरांची नाणीच ते गोळा करतात. माझी अक्षरे झिजलेली, त्यामुळे माझे शहर कोणते हे दोन वर्षे कोणाला कळेना. शेवटी भाचीने मला तिरप्या उजेडात फिरवून एकेक अक्षर टिपले आणि नाव जुळवले. मामा सगळ्यांना सांगत सुटले, “आमच्या पोरीची नजर म्हणजे नजर.” ती रोज दुपारी येई आणि नाण्यांच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत माहिती लिही.

मामांचे एक मित्र दातांचे डॉक्टर होते. तेही नाणी जमवत. फोटो काढून परवा आणून देतो, असे सांगून ते मला घेऊन गेले. मला तो माणूस पहिल्यापासून पटला नव्हता. जरा जास्तच हळुवार हाताळत होता. दवाखान्यात त्यांनी मला एका गुलाबी लगद्यात दाबले. दातांचा साचा घेतात, तोच तो लगदा. तिसऱ्या दिवशी मी घरी परतलो आणि मामांनी वर त्यांचे आभारही मानले.

तीन महिन्यांनी मामा मला नाणेसंग्राहकांच्या मंडळात घेऊन गेले. तिथे एका सभासदाने पेटी उघडली, तर आत दुसरा मी. तेच झिजलेले नाक, तीच भेग. हाताने पाडलेली दोन नाणी कधीच हुबेहूब सारखी नसतात, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होते. सगळ्यांत आधी डॉक्टरच मामांना म्हणाले. “एक तरी साच्यातलं आहे. तुमच्या घरी कोणकोण हात लावतं हो?”

मामा घरी आले. आधी मला भिंगाखाली धरायचे, तर ते भाचीकडेच वळले.

“खरं नाणं कुठंय?”

“हेच की. तुमच्याच हातात आहे.”

“कपाटाला तुझ्याशिवाय कोणाचा हात लागतो?”

“डॉक्टरांनी नेलं होतं ना, मामा?”

“त्यांचं नाव घेऊ नकोस. वीस वर्षांची ओळख आहे आमची.”

भाची तर जन्मापासूनच्या ओळखीची होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, त्यातलाच हा प्रकार. मला फार वाईट वाटले, पण नाण्याला कोण विचारतो? तिने डोक्यातला एक केस उपटला, माझ्या भेगेत घातला आणि ओढला. केस आरपार गेला.

“साच्यात ओतलेल्या नाण्याला नुसती खाच येते, मामा. तुम्हीच शिकवलंत.”

केसाबरोबर भेगेतला एक गुलाबी कण टेबलावर पडला. मामांनी तो बोटावर घेतला. याच डॉक्टरांकडे कवळीचे माप देताना गेल्याच महिन्यात तो लगदा त्यांच्या तोंडात होता.

“माझं चुकलं गं,” ते म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि तिने पाकिटे पुढे ओढली.

दुसरे नाणे डॉक्टरांनीच ओतून दलालामार्फत विकल्याचे उघड झाले आणि त्यांना मंडळातून काढले. माझा भाव वधारला. मित्रांनो, जुनी नाणी घासू नका, ती कोरडी ठेवा, आणि संशय आला तर आधी खुशाल मला तोला, भिंगाखाली धरा. मला त्याची सवय आहे. भाचीला नव्हती. ती अजून रोज दुपारी येते, पण हल्ली पर्स दाराबाहेर ठेवते.

“अगं, आत आण ती,” मामा रोज म्हणतात.

“राहू दे, मामा,” ती म्हणते.